तिसरं मत

पहाटे पाचला नावापुढे आकडा निघाला:
टेबल क्रमांक अकरा.
मोबाइल दाराशी जमा, पर्स उलटी करून तपासली,
डिसेंबरचं इंदूर स्टेडियमच्या फरशीतून
चपलांमध्ये चढत होतं.
मी नववी-दहावीला गणित शिकवते.
आज नुसती बेरीज होती.

जाळीपलीकडे एजंट खांद्याला खांदा लावून,
गळ्यात पास, गुडघ्यावर वही,
एकाच्या मिशीवर पोह्यांवरचं जिरावण अजून तसंच.
"मॅडम, ज़रा इधर घुमाइए."
मी मशीन फिरवते.
आधी हिरवी पट्टी दाखवायची, सील शाबूत,
मग नंबर वाचायचा,
मग बटण.
एक लांब पिप्
आणि गल्लीच्या गल्ली आकडे होऊन बाहेर येते.

उमेदवार एक, तीनशे बारा.
उमेदवार दोन, दोनशे सत्त्याण्णव.
त्या पंधरांसाठी कुणीतरी घोषणेला तोंड उघडतं
आणि अर्ध्यात मिटतं,
पुढच्या बूथवर उलटं झालं तर काय घ्या.

सातव्या फेरीत आलं ते आमच्या रामबागेचं मशीन.
खरं तर येऊ नये असा नियम आहे.
पण मी राऊला राहायला गेले दोन वर्षांपूर्वी,
ड्युटीच्या कागदावर नवा पत्ता,
मतदारयादीत जुना.
मी काही बोलले नाही.
पट्टी दाखवली. बटण दाबलं.

उमेदवार नऊ, तीन.

नऊ म्हणजे रंगनाथ बुळे.
बोळाच्या तोंडाशी कुकर दुरुस्त करतात.
चिन्ह म्हणून कुकरच मागितला होता,
तो दुसऱ्याला गेला, यांना मिळाली शिट्टी.
"चला, अख्खा नाही तर नाही, पार्ट तर मिळाला."
पत्रकावर मागणी एकच: ड्रेनेजची झाकणं.
अहो बुळेकाका, हे महापालिकेचं काम, विधानसभेचं नाही.
"महापालिकेनं तिकडे बोट दाखवलं,
म्हणून तिकडे निघालोय."
माझ्या कुकरची रिंग बदलून दिली,
पैसे मोजून घेतले,
रुपयासुद्धा सोडला नाही,
आचारसंहिता लागलीय, म्हणाले.
मी म्हटलं, मत तुम्हालाच.
असं म्हणायला काय लागतं?

आणि आज ते स्वतःच स्वतःचे एजंट,
जाळीला कपाळ टेकून.
तीन.
त्यांनी बोटांवर धरले:
आपलं एक,
काकूंचं एक,
आणि तिसऱ्या बोटाशी थांबून माझ्याकडे पाहिलं.
हात जोडले. छातीपाशी, लहानसे,
निरीक्षकाला दिसू नयेत असे.

मी फॉर्मवर तीन लिहिलं,
आकड्यात, मग अक्षरात,
मग सही.

त्या दिवशी बोट नऊपर्यंत गेलं होतं, खोटं नाही सांगत.
बटणाशी ते काही क्षण होतं.
मग वाटलं, वाया जाईल,
आणि बोट वर सरकलं, जिथे सगळ्यांची सरकतात.
तीनशे बारात असेन किंवा दोनशे सत्त्याण्णवात,
कशात ते आता सांगून काय.

मग तिसरं कुणाचं?
पाचवीचे क्लास घेणाऱ्या रेगेबाईंचं?
त्यांना "आमदारसाहेब" म्हणून चिडवणाऱ्या पानवाल्याचं?
की चष्मा विसरून आलेल्या कुणा म्हातारीचं,
दाबायचं होतं एक, दाबलं गेलं दुसरं?
बोळातलं एक-एक दार मनात ठोठावलं.
कुणीही उघडलं नाही.

अठराव्या फेरीनंतर ढोल आले, गुलाल आला,
अनामत कुणाकुणाची जप्त ते माइकवर सांगायचंही
कुणाच्या लक्षात राहिलं नाही.
गेटापाशी बुळे सायकलचं कुलूप काढत होते.
"ताई, तिघं जण आहोत आपण," म्हणाले,
"कमी नाही हं.
झाकणाला काय, दोघं पुरतात उचलायला."

हो काका, म्हटलं.

रात्री डाळ लावली.
नवी रिंग, वाफ कुठूनच सुटत नाही.
एक झाली.
दुसरी जराशा वेळाने.
मी ओट्याशी उभी,
हात पुसत,
मोजत.